लपवलेले दुखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करण्याचा मला मुळीच सराव नाही. आजवर या मंडळात मी पाने मांडली, वर्गणीच्या पावत्या फाडल्या, भोंडल्याची खिरापत केली. पण ध्वनिक्षेपकापुढे कधी उभी राहिले नाही. चिटणीसबाईंनी ‘आरोग्यावर चार शब्द बोला’ म्हणून गळ घातली, तेव्हा मी त्यांना आधीच सांगितले, की मला एकाच आजाराची माहिती आहे आणि तो वर्धापनदिनी बोलण्यासारखा नाही. त्या म्हणाल्या, “मग तर त्याच्यावरच बोला.” तेव्हा दोष द्यायचा तर निम्मा त्यांना द्यावा.

कर्करोगाने माझ्या घरातली दोन माणसे नेली. १९९८ साली थोरल्या जाऊबाई गेल्या आणि २०१६ साली माझे यजमान. त्यांना बरे कसे करता आले असते हे डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते आमच्या घराने काय केले, आणि त्यातले काय चुकले, ते.

आम्ही जाऊबाईंना वहिनी म्हणत असू. घर एकत्र, स्वयंपाकघर एक, आणि भिंतीपलीकडे मागांचा कारखाना. तुम्हांला वेगळे सांगायला नकोच. भिवंडीत झोप लागते ती खटखटीतच, आणि शुक्रवारी माग बंद असले की जाग येते. वहिनी अंगाने मजबूत, कामाला वाघीण. १९९५ च्या मार्गशीर्षात न्हाताना त्यांच्या हाताला छातीत गाठ लागली. सुपारीएवढी, दुखत नव्हती. दुखत नव्हती म्हणून त्या गप्प बसल्या. मुलीचे लग्न ठरत आले होते. आईला असले काही आहे असे बाहेर कळले तर सोयरीक मोडेल, ही भीती. वैशाखात लग्न झाले. मग त्या वर्षी अधिक आषाढ आला, जावयाचे पहिले अधिक महिन्याचे वाण. तीस-तीन अनारसे त्यांनीच तळले. मग गणपती, मग नवरात्र. दर वेळी ‘एवढे पार पडू दे’. कार्तिकात एका दुपारी दोरीवर वाळत घातलेल्या त्यांच्या चोळीवर मला डाग दिसला, आणि मी हात धरून विचारले, तेव्हा कुठे त्या बोलल्या. सुपारीची तोवर लिंबाएवढी झाली होती आणि वरची कातडी फुटली होती.

अकरा महिने. भगिनींनो, त्या अकरा महिन्यांत मी रोज त्यांच्या शेजारी बसून भाकऱ्या थापल्या आहेत.

पुढचा प्रवास तुमच्यापैकी काही जणींना ठाऊक आहे. एस.टी.ने कल्याण, तिथून लोकलने दादर, पुढे बसने परळ. पहाटे चारला उठायचे, डबा बांधायचा, फाईल पिशवीत घालायची. टाटा रुग्णालयाच्या बाहेर पदपथावर बिऱ्हाडे दिसत. बिहारची, बंगालची, आपल्या मराठवाड्याची. स्टोव्हवर भात शिजतो आहे आणि शेजारी डोक्याला रुमाल बांधलेले पोर निजले आहे. ते पाहिले की आपण संध्याकाळी आपल्या घरी जाऊन पाठ टेकणार आहोत याचीच लाज वाटे.

रांगेत तासन् तास बसताना मला एक प्रश्न पडे: या इमारतीच्या नावात ‘मेमोरियल’ आहे ते कोणाचे? पुढे पुष्कळ वर्षांनी ती हकीकत मी वाचली. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई. म्हैसूरकडच्या भाभांची मुलगी, शास्त्रज्ञ होमी भाभांची आत्या. साडी नेसून टेनिस खेळत आणि बक्षिसे जिंकत. पण आपल्याला त्यांची ओळख वेगळ्या कारणाने पटावी. मुंबई इलाख्यातल्या स्त्रियांची परिषद उभारण्यात त्या पुढे होत्या, आणि बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९ च्या शारदा कायद्यासाठीही त्या झटल्या. म्हणजे आपल्यासारख्याच मंडळ चालवणाऱ्या, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि १९३१ साली, दूर इंग्लंडच्या बाजूला वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात त्या वारल्या. पैशाला तोटा नव्हता. कोहिनुराहून मोठा हिरा ज्यांच्या गळ्यात होता त्यांच्यासाठीही तेव्हा औषध नव्हते. दोराबजींनी १९३२ साली त्यांच्या नावाने त्याच रोगाच्या संशोधनासाठी निधी स्थापला आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांनी मागे ठेवलेल्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय उघडले. तेव्हा खाटा होत्या ८०. पुढे १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे गेले. म्हणजे ज्या रांगेत वहिनी बसल्या होत्या, ती एका नवऱ्याच्या दुःखातून सुरू झाली होती. हे मला तेव्हा ठाऊक असते तर त्यांना सांगितले असते. त्यांना असल्या गोष्टी फार आवडत.

आता मला जे सांगणे जड जाते ते सांगते.

वहिनी घरी आल्यावर सासूबाईंनी त्यांची कपबशी वेगळी काढली. ताटवाटी, तांब्याभांडे, सगळे वेगळे. हा रोग शिवाशिवीने लागतो असे त्यांच्या मनाने घेतले होते, आणि जुन्या माणसाला दोष तरी काय द्यायचा? पण मी मॅट्रिक झालेली. ही कपबशी सासूबाईंनी काढली हे खरे. ती वेगळी विसळून वेगळ्या फळीवर ठेवत होते मी. पोरे लहान होती, मला भीती वाटत होती. रुग्णालयात कोणाला विचारावे एवढेही सुचले नाही. एके दिवशी मी चहा घेऊन गेले, तर वहिनी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “अगं, माझी कपबशी कुठली ते मला नीट दाखवून ठेव. चुकून तुमच्यातली घेईन.”

कर्करोग एका माणसाचा दुसऱ्याला लागत नाही. हवेतून नाही, स्पर्शातून नाही, उष्ट्यातून नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगामागे एक विषाणू असतो हे खरे, पण तो विषाणू काही कपबशीतून येत नाही. हे वाक्य मला १९९६ साली कोणी सांगितले असते तर वहिनींची शेवटची दोन वर्षे निराळी गेली असती. शस्त्रक्रिया झाली, शेक झाले, केस गेले, पुन्हा आले, आणि रोग हाडांत उतरला. १९९८ च्या श्रावणात त्या गेल्या. ती कपबशी मी अजून ठेवली आहे. रोज सकाळी मीच तिच्यातून चहा पिते.

दुसरी हकीकत ह्यांची. हे यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेबनीस होते. रात्रपाळीचे हिशेब मिळवताना झोप येऊ नये म्हणून तरुणपणी तंबाखू-चुन्याची डबी खिशात आली, ती राहिलीच. गालात चिमूट धरून आकडेमोड करायची. २०१५ साली गालाच्या आत पांढरा चट्टा आला, मग तोंड पुरते उघडेना, भाकरीचा तुकडा झोंबू लागला. एका डॉक्टरांनी दाढ खुपते म्हणून दोन महिने गोळ्या दिल्या. तपासणी झाली तोवर गळ्याच्या गाठींत पसरले होते.

या वेळी लपवले ते आम्ही. पुतण्याने मला जिन्यात गाठून सांगितले, “काकू, काकांना एवढ्यात काही बोलू नका. धसका घेतील.” सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्यांना सांगितले, गालात गळू आहे, शेक द्यायचे आहेत. दोन महिने हे नाटक चालले. फाईल उलटी धरायची, डॉक्टरांना डोळ्यांनी खुणा करायच्या. ज्या माणसाने चाळीस वर्षे दुसऱ्यांचे खोटे हिशेब पकडले, त्याला आम्ही फसवत होतो!

लोकलला अपंगांचा डबा असतो, तो तुम्ही पाहिला असेल. त्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येते. ह्यांना गर्दी सोसेना, म्हणून पुतण्याने एकदा कल्याणला त्याच डब्यात चढवले. हे खिडकीशी बसले. डब्याच्या पाटीवर कोणाकोणासाठी जागा आहे ते लिहिलेले असते. ह्यांनी ते दोनदा वाचले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “हातपाय तर माझे धड आहेत. मग मी यातला कोण?”

ठाणे गेले, मुलुंड गेले. मी काही बोलले नाही. भांडुपला मी त्यांचा हात धरला. “कधीपासून ठाऊक आहे तुम्हांला?” म्हटले. म्हणाले, “पहिल्या दिवसापासून. तुम्ही सगळे इतकी मेहनत घेत होतात, म्हटले, मोडू नये.”

म्हणजे तेही आमच्यापासून लपवत होते. एका घरात सहा माणसे एकच गोष्ट एकमेकांपासून लपवीत बसली होती. त्या दिवसानंतर आमचे घर हलके झाले असे म्हटले तर तुम्हांला खोटे वाटेल, पण झाले. ह्यांनी मला बँकेची पासबुके दाखवली, विम्याचे कागद कुठे आहेत ते सांगितले, कोणाचे तीन हजार द्यायचे राहिले आहेत तेही. वज्रेश्वरीला जायचे होते, गेलो. भावाशी वाटणीवरून धरलेला अबोला सोडला. हे सगळे ‘गळू’ असलेल्या माणसाला करता आले नसते. प्रत्येकाला सगळे सांगावेच, असा नियम मी करीत नाही. कोणाला ऐकायचे नसते, आणि तोही त्याचा हक्कच. पण त्याला काय ऐकायचे आहे हे आधी त्याला विचारावे. जिन्यात ठरवू नये.

दुखण्याचे सांगते. शेवटच्या चार महिन्यांत वेदना अशा, की हे भिंतीवर डोके टेकवून रात्र काढीत. डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. अफूपासून होणारे औषध. घरात चर्चा सुरू: सवय लागेल, गुंगीत जातील, शुद्ध हरपेल. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, “आजी, ज्याला दुखते त्याला मोजून दिले तर त्याचे व्यसन होत नाही. घड्याळ लावून चार-चार तासांनी द्या, दुखण्याची वाट पाहू नका. आणि पोट साफ होण्याचे औषध बरोबर द्यायला विसरू नका, नाहीतर त्यानेच बेजार होतील.” पहिल्या रात्री हे सहा तास झोपले. आम्ही दचकून तीनदा उठून श्वास पाहिला. सकाळी उठून त्यांनी वर्तमानपत्र मागितले. अफूच्या कायद्यामुळे हे औषध मिळणे पूर्वी फार जिकिरीचे होते. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. अजूनही ते प्रत्येक दुकानात मिळत नाही, त्यासाठी वेदनाशमनाचा विभाग कुठे आहे ते विचारावे लागते. ज्यांचा आजार हटणार नाही अशांची सेवा करणारे ‘शांती आवेदना सदन’ वांद्र्याला १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी सुरू केले. आपल्या देशातले ते पहिलेच. ‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य म्हणून कोणी बोलले तर मला राग येतो. रोगाचे करता येत नसेल. माणसाचे पुष्कळ करता येते.

आणि सेवा करणारीचे? तिला कोणी विचारीत नाही. येणारा प्रत्येक जण रोग्याच्या उशाशी बसतो, एक उपाय सांगतो, चहा पितो आणि जातो. गव्हांकुरांचा रस सांगून झाला, कोणा बाबांचा अंगारा सांगून झाला, कुठला काढा सांगून झाला. एक बाई तर ह्यांच्या देखतच म्हणाल्या, “आमच्या चुलत्यांना हेच होते, तीन महिन्यांत गेले.” त्या दिवसांत मला खरी मदत झाली ती तिघी-चौघींची. त्यांतल्या दोघी आज समोर बसल्या आहेत, नावे घेतली तर रागावतील. एकीने मंगळवार आणि शनिवारचा डबा आपल्याकडे घेतला. विचारले नाही, आणून ठेवला. दुसरी शुक्रवारी दुपारी दोन तास येऊन बसे आणि मला म्हणे, “जा, झोप, नाहीतर देवळात जा, नाहीतर नुसती रस्त्याने हिंडून ये.” मी वऱ्हाळा तलावाच्या काठी जाऊन बसत असे. काही करीत नसे. त्या दोन तासांवर माझा आठवडा निघे.

आणखी एक. भिंतीपलीकडच्या कारखान्याच्या मालकीणबाईंना आम्ही आपा म्हणतो. शेवटच्या पंधरवड्यात ह्यांना खटखट सोसेना. मी काही बोलले नव्हते. धंद्याचे दिवस, कोणाला काय सांगायचे? पण एका रात्री आमच्या भिंतीला लागून असलेले चार माग थांबले. मला वाटले, वीज गेली. दुसऱ्या रात्रीही तेच. सकाळी आपांनी निरोप पाठवला, “भाईसाहेबांना झोप लागली का?” ज्या शहराने १९७० आणि १९८४ ची दंगल पाहिली, त्या शहरातली ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. हे गेले त्या दिवशी तर अख्खी पाळी बंद होती.

आता वेळ फार झाला, चिटणीसबाई घड्याळ पाहताहेत. पण वहिनींच्या अकरा महिन्यांचे माझ्या मनातून जात नाही, म्हणून एवढे सांगतेच.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे एक मोठे काम केले. सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी होई. तपासणाऱ्या कोणी डॉक्टर नव्हत्या. बेताचे शिक्षण असलेल्या मुलींना काही आठवडे शिकवून तयार केले होते. हाताने स्तनांची तपासणी, आणि गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहणे. व्हिनेगर, आपण लोणच्याला घालतो ते! गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासलेल्या वस्त्यांत ३१ टक्क्यांनी कमी भरले. स्तनांच्या बाबतीत पन्नाशी उलटलेल्या बायकांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात तेवढा फरक दिसला नाही, तेही सांगायला हवे. आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मदतीने १,३१,७४६ खेडूत बायकांचा असाच अभ्यास झाला. त्याचा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या बायकांची त्या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली, त्यांच्यात पुढल्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. एकदाच! शेतात खुरपणाऱ्या बायका लाज गुंडाळून गेल्या, आणि आपण, दारात रिक्षा असलेल्या, ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो. नातींसाठी आता लसही आहे, नऊ ते चौदा वर्षांच्या वयात द्यायची. २०२२ पासून पुण्यात तयार झालेलीही आहे. आणि मिशरीचा डबा किती जणींच्या मोरीत आहे, हात वर करा, असे मी म्हणत नाही. ज्यांच्या आहे त्यांना ठाऊक आहे. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, एवढेच सांगते.

पैशाचेही काही जणी विचारतात. आपल्या राज्याच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे बरेच उपचार बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांवरची नावे जुळतात का, ते आजारी पडण्यापूर्वी पाहून ठेवावे. आमच्या ह्यांच्या एका कागदावर आडनावाची वेलांटी निराळी होती, त्यात आमचे नऊ दिवस गेले.

मी स्वतः तपासणीला पहिल्यांदा गेले ती बासष्टाव्या वर्षी. एवढे सगळे घरात होऊन गेल्यावर! दोनदा रिक्षातून परत फिरले. तिसऱ्यांदा माझ्या सुनेने बरोबर येऊन माझी पिशवी धरली आणि स्वतःचाही नंबर लावला. आत दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. लाज वाटली, ती बाहेर येऊन चप्पल घालीपर्यंत टिकली.

म्हणून कार्यकारिणीच्या परवानगीने दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर तपासणीला जाणाऱ्यांची नावे. एकटीने जायचे नाही, चौघी-चौघींनी जायचे, येताना कल्याण नाक्यावर उसाचा रस माझ्याकडून. उजव्या पानावर, ज्यांच्या घरी कोणी अंथरुणावर आहे त्यांनी नाव आणि पत्ता लिहावा, आजार कोणता ते लिहू नये. आणि त्याखाली, आठवड्याचे दोन तास ज्या देऊ शकतील त्यांनी आपला वार लिहावा. डाव्या पानावर पहिले नाव माझ्या सुनेचे आहे, दुसरे माझे. माझा वार शुक्रवार. पेन वहीला दोऱ्याने बांधून ठेवले आहे, कारण मागल्या कार्यक्रमाचे पेन अजून सापडलेले नाही.